जाळीमागचं पातं

झोलिंगनमध्ये जन्मलेल्या माणसाला
विजेच्या मशीननं दाढी करायला सांगणं
म्हणजे कोळ्याच्या ताटात डब्यातला मासा वाढणं.
तरी मी वाढला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्यापासून
बाबांच्या हनुवटीला पातं नुसतं चाटून गेलं
तरी अर्धा तास टॉवेल दाबून बसावं लागतं.
कीलहून इर्मेला फोनवर म्हणाली,
"ऑर्टविन, ब्लेड फेकून दे, मशीन घे, विषय संपव."
कीलमध्ये बसलं की सगळेच विषय
लवकर संपतात.

एकेचाळीस वर्षं हा माणूस
वुपरच्या काठावर, धारेच्या चाकाशी वाकून
दुसऱ्यांची पाती घासत होता.
चाकानं कान नेले,
डाव्या अंगठ्याचं टोक नेलं,
आणि कातडी तेवढी राहिली
दुधावरच्या सायीसारखी.
साऱ्या जगाच्या गालांची सोय केली
आणि स्वतःच्या मानेवर दर रविवारी
लाल पुरळ.
चर्चला निघताना आई तिथे
थंड ताकात भिजवलेली घडी ठेवायची.
बाबांच्या प्रार्थनेला म्हणून
किंचित आंबट वास असायचा.

घर, घड्याळ मिळायचं तेव्हा मिळेल,
ही कातडी मला आधीच मिळाली.
केसानं गळा कापणं म्हणतात,
ते आमच्याकडे अक्षरशः होतं.
कापलेला केस वळतो, परत आत शिरतो
आणि गळ्यावर फोड होऊन बसतो.

पंचविशीत मी गुपचूप मशीन घेतलं.
मोज्यांच्या खणात ठेवलं,
दुसरी मुलं सिगारेटी लपवायची तसं.
कुत्र्याच्या भुंकण्याच्या आडोशानं
दाढी करायचो.

आता माझंच मशीन त्यांच्या मानेवर.
पहिल्या दिवशी म्हणाले, भुंगा आहे.
चौथ्या दिवशी कॉलरच्या रेषेवर
ठिपके उमटले, मोजून सतरा.
माहितीपत्रक म्हणतं, कातडीला सवय व्हायला
तीन आठवडे द्या.
"एकोणनव्वदीच्या माणसाकडे
तीन आठवडे उधार मागतात," बाबा म्हणाले,
"हिंमत बघ."

अकराव्या दिवशी मी मलम शोधून परत आलो
तर मशीन टेबलावर, दिव्याखाली,
सोललेल्या संत्र्यासारखं.
जाळी एकीकडे, स्प्रिंगा बशीत,
आणि बाबांच्या चिमटीत
नखाएवढं काहीतरी चमकत होतं.
"आहे की पातंच!" ते ओरडले.
बहिऱ्या माणसाचा आनंद मोठ्यानं असतो.
"आत बसलंय लपून. पडद्याआडच्या बाईसारखं.
आणि मी बारा महिने तेरा काळ
या बिचाऱ्याला शिव्या घालतोय."

मग त्यांनी ते अंगठ्यावरून आडवं फिरवलं.
उरलेल्या अंगठ्यावरून.
चेहरा पडला.
"किती वर्षं झाली बदलून?"
सहा, मी म्हणालो.
"सहा वर्षं." त्यांनी ते बशीत ठेवलं,
मेलेल्या पाखरासारखं, हळू.
"धार असली की पातं विचारून पुढे जातं.
बोथट झालं की चावतं.
वीज असो, हात असो,
चावणारं चावतंच."

नवी पाती मंगळवारी येतील.
इर्मेलाला मी काहीच कळवलेलं नाही.
जुना वस्तराही अजून आरशामागे आहे,
तो फेकायचं दोघांनीही काढलेलं नाही.
तोवर बाबांची दाढी वाढतेय,
चाकाखाली साठायच्या भुशासारखी,
करडी, आणि खाज सुटतेय म्हणून
ते कुरकुरतात, पण ठिपके विरलेत.

काल त्यांनी मला खुर्चीत बसवलं,
खिडकीकडे तोंड करून.
अंगठा उलट्या दिशेनं फिरला
गालावरून, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत,
आणि तिथे थांबला.
"इथे राहिलंय."
मी हात लावला. खरंच राहिलं होतं.
"तीस-पस्तीस वर्षं इथेच राहतंय," बाबा म्हणाले.
"रोज वाटायचं, सांगावं.
पण मग तुला कळलं असतं
की मला कळलंय."